उंच देशांच्या यादीमागचा ओळंबा

आमच्या कॉलनीच्या गणपतीत यंदा प्रश्नमंजूषेतल्या एका प्रश्नावरून वाद झाला. ‘जगातला सर्वांत उंच देश कोणता?’ काकूंच्या कागदावर उत्तर होतं नेपाळ. पुढे बसलेल्या एका शाळकरी मुलीने भूतान सांगितलं, तर मागच्या खुर्चीवरून एक निवृत्त काका ‘ताजिकिस्तान!’ म्हणून ओरडले. काकूंनी आधी मोबाइल काढला, मग चष्मा शोधला आणि शेवटी ‘चला, आरती उरकून घेऊ’ म्हणाल्या. इंदूरच्या मराठी मंडळांत बरेच वाद असेच मिटतात. पण इथे तिघांचीही बाजू खरी होती.

काकूंच्या डोक्यात होतं शिखर. एव्हरेस्ट नेपाळ-चीनच्या सीमेवर आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी मिळून त्याची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. बाकी दोघे सरासरीबद्दल बोलत होते, म्हणजे देशाची सगळी जमीन मिळून समुद्रसपाटीपासून किती वर येते त्याबद्दल. आणि सरासरीत नेपाळला त्याची तराई नडते. तिथला काही भाग समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नाही, म्हणजे इंदूर सोडाच, ग्वाल्हेरहूनही सखल. १८५९ मध्ये इंग्रजांना चुकवत नानासाहेब पेशवे नेपाळात शिरले ते याच तराईत. ‘पेशवे हिमालयात गेले’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला बर्फाच्या आधी आली ती हिवतापाची जंगलं.

सरासरीवाल्यांतही एकमत नाही. एका प्रचलित यादीत भूतान ३,२८० मीटरवर पहिला आणि ताजिकिस्तान ३,१८६ वर. दुसऱ्या, तितक्याच वापरात असलेल्या यादीत भूतान २,२२० वर उतरतो आणि ताजिकिस्तान आपोआप वर सरकतो. हजार मीटरची ही तफावत काही डोंगर हलल्यामुळे पडलेली नाही, ती मोजणाऱ्यांमुळे पडली आहे. म्हणून यादीपेक्षा मोजणीचाच इतिहास मला जास्त रंजक वाटतो. शिवाय त्यातली एक खुंटी आपल्या माळव्यात आहे.

एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत युरोपात समज होता की जगातला सर्वांत उंच पर्वत दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०२ मध्ये त्यावर बराच वरपर्यंत चढला होता. पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी धवलगिरी २६ हजार फुटांहून उंच असल्याचं कळवलं, तेव्हा युरोपातल्या पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं. गंमत अशी की देशांची किंवा खंडांची सरासरी उंची काढावी, ही कल्पना गंभीरपणे मांडणाऱ्यांत हाच हम्बोल्ट होता. १८४०च्या दशकात हाताशी असलेल्या आकड्यांवर त्याने खंडांची सरासरी काढून पाहिली.

इकडे १८०२ मध्येच लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं होतं. एक बाजू साखळीने मोजायची, पुढचे त्रिकोण कोनांवरून सोडवायचे आणि असंच उत्तरेकडे सरकत राहायचं. ही त्रिकोणांची माळ महाराष्ट्र ओलांडून माळव्यात आली, तेव्हा सूत्रं जॉर्ज एव्हरेस्टकडे होती. १८२४-२५ मध्ये त्याने सिरोंजजवळ आधाररेषा मोजली. पुढे तब्येत इतकी ढासळली की त्याला इंग्लंड गाठावं लागलं, आणि १८३० मध्ये तो परतला तो सर्व्हेअर जनरल होऊन. सिरोंज आज विदिशा जिल्ह्यात आहे. यशवंतराव होळकरांनी आपल्या आमीरखान या सरदाराला दिलेलं तेच हे सिरोंज. पुढे ते टोंकच्या नवाबाचं झालं आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आलं. त्याच्याजवळच्या कल्याणपूरचा बिंदू भारताच्या नकाशांचा मूळ आधारबिंदू ठरला. अक्षांश-रेखांशांचा सगळा हिशोब तिथून धरायचा.

आता ओळंबा. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या घराची भिंत चढत होती. मिस्त्री दर तीन-चार थरांनंतर लाकडी ठोकळा भिंतीला टेकवायचा आणि दोरीचा लोखंडी गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला घासला किंवा फार दूर राहिला, की थर चुकला. इथले मिस्त्री त्याला ‘साहुल’ म्हणतात. गोळा हलायचा थांबेपर्यंत हा गडी श्वास रोखून पाहायचा, आणि मग एखादी वीट थापीच्या दांड्याने हलकेच ठोकायचा. त्याच्या लेखी ओळंबा खोटं बोलत नाही.

सर्वेक्षणवाल्यांचाही तोच विश्वास होता. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे तर ‘सरळ वर’ म्हणजे कुठे हे आधी ठरावं लागतं, आणि ते ठरवतो ओळंबाच. पण कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांवरून एक निघालं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक होता कोनाच्या सव्वापाच सेकंदांचा (सेकंद म्हणजे इथे एका अंशाचा ३,६००वा भाग), म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. एव्हरेस्टला ही मोजणीतली चूक वाटली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना मात्र वेगळाच संशय आला. कलियाना हिमालयाच्या जास्त जवळ आहे, तेव्हा एवढा थोरला पर्वत ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. धर्मगुरूंनी गणित मांडलं आणि नवाच पेच उभा राहिला. हिमालयाच्या आकारमानानुसार फरक जवळजवळ १६ सेकंद यायला हवा होता. म्हणजे ओळंबा ओढला तर जात होता, पण हिशोबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने.

हे गणित १८५५ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर सुचवलं. पाण्यावर लाकडाचे ओंडके तरंगत असले, तर जो ओंडका जास्त वर दिसतो तोच खालीही जास्त बुडालेला असतो. पर्वतांचं तसंच आहे. त्यांच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळं आहेत आणि त्यामुळे ओढ कमी पडते. पुढे प्रॅटनी आपली वेगळी उपपत्ती मांडली, पण मुळांची कल्पना टिकली. तिबेटखाली भूकवच साधारण ७० किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट.

राधानाथ सिकदारांनी केलेलं शिखर १५चं गणित, १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फूट उंची आणि १८६५ मध्ये त्याला मिळालेलं एव्हरेस्टचं नाव, हे सगळं शाळेत शिकवतात. नेपाळने सर्वेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे ही मोजणी मैदानातून, शंभर मैलांहून जास्त अंतरावरून झाली. कल्याणपूरचा ओळंबा मात्र पुस्तकात भेटत नाही. मला तर तो एव्हरेस्टच्या आकड्याहून मोठा वाटतो, कारण उंच देश उंच का राहतात याचं उत्तर त्या सव्वापाच सेकंदांत होतं.

भूतान, नेपाळ, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान हे यादीतले पहिले चारही देश एकाच टकरीची लेकरं आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला धडकला. हिमालय त्यातून उभा राहिला आणि पामीर, तिएन शान यांनाही त्याच रेट्याने उंची मिळाली.

लेसोथोवर मात्र थांबायला हवं. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा देश टकरीतून वर आला नाही. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्ह्याचे थर पसरले. आपला माळवाही तसाच लाव्ह्याचा, फक्त बराच नंतरचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे इंदूरकराच्या पायाखालचा काळा खडक हिमालयाच्या नव्हे, लेसोथोच्या जातकुळीचा. सरासरीत लेसोथो या चौघांच्या मागे, २,१६१ मीटरवर. पण त्याची सर्वांत सखल जागासुद्धा १,४०० मीटरवर आहे. आपल्या राज्याचं सर्वोच्च टोक, पचमढीचं धूपगड, तिच्याहून खालीच राहतं.

सरासरीचे आकडे आज सहज मिळतात ते मुख्यतः फेब्रुवारी २००० मुळे. तेव्हा एंडेव्हर या अमेरिकी अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. त्याआधी नकाशावरच्या समोच्च रेषांवरून अंदाज काढत बसावं लागे, आणि जुन्या याद्यांतले आकडे अजूनही नव्यांत मिसळून फिरतात.

आमच्याकडे विसर्जनाच्या आदल्या दिवशी निकाल लागला. काकूंनी तिघांनाही पूर्ण गुण दिले आणि पुढच्या वर्षासाठी प्रश्न बदलून ठेवला: ‘कोणत्या देशाची सगळीच्या सगळी जमीन १,००० मीटरच्या वर आहे?’ याला उत्तर एकच आहे, हे त्यांनी या वेळी आधीच तपासलं आहे.