गव्हाणी आणि वधस्तंभ: विद्यार्थ्यांच्या नाताळ सहभागितेची पार्श्वभूमी

बहुतेक विद्यापीठांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एकत्र नाताळ २५ डिसेंबरच्या आधीच होऊन जातो. सत्र संपत आलेलं असतं, वसतिगृहं रिकामी होऊ लागलेली असतात. त्यामुळे कॅरलगायन, शास्त्रवाचन, मेणबत्त्यांच्या उजेडातली उपासना आणि वर्गमित्रांना दिलेलं आमंत्रण हे सगळं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, सुरुवातीच्या आठवड्यांतच आटोपावं लागतं. मग सगळे आपापल्या घरी जातात. त्यानंतर नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या सुट्टीत मोठी संमेलनं भरतात. विद्यार्थी सहभागितेच्या, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी विश्वासासाठी एकत्र येण्याच्या, इतिहासातले बरेच कळीचे प्रसंग याच दिवसांत का घडले, ते या वेळापत्रकावरून कळतं.

जुना काळ थोडक्यातच सांगायला हवा, कारण तिथे प्रथा पुष्कळ दिसतात पण आजच्या अर्थाची सहभागिता फारशी दिसत नाही. मध्ययुगात ६ डिसेंबर हा विद्यार्थ्यांच्या पाठीराख्या संताचा, म्हणजे निकोलसाचा, दिवस. त्या दिवशी शाळांत आणि मोठ्या चर्चमध्ये एका मुलाला बिशप करत आणि २८ डिसेंबरपर्यंत तो मान त्याच्याकडे राही. इंग्लंडमध्ये १५४१ साली राजाज्ञेने ही प्रथा बंद झाली. कीव्हच्या अकादमीतले गरीब विद्यार्थी सतराव्या-अठराव्या शतकात ख्रिस्तजन्माचा बाहुल्यांचा खेळ गावोगाव नेत आणि त्यातून सुट्टीतलं पोट भरत. यात भक्ती होती, पोटापाण्याची सोयही होती. पण विद्यार्थ्यांनी आपण होऊन एकत्र यावं, शास्त्र वाचावं, एकमेकांच्या विश्वासाची काळजी घ्यावी, ही रीत ऑक्सफर्डमध्ये १७२९ च्या सुमारास एका छोट्या गटाने स्पष्टपणे घालून दिली. ते नेमाने प्रभुभोजन घेत आणि तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. त्याबद्दल त्यांची टिंगलही झाली.

पुढचे टप्पे वाचकांना ठाऊक असतील. १८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला पाच विद्यार्थी वादळापासून आडोसा म्हणून गवताच्या गंजीखाली शिरले आणि तिथेच परदेशी मिशनकार्यासाठी प्रार्थना केली. १८७७ मध्ये केंब्रिजच्या कॉलेजांमधल्या प्रार्थनागटांचा मिळून एक संघ झाला. १८८५ मध्ये ‘केंब्रिजचे सात’ म्हणून ओळखले गेलेले तरुण मिशनरी म्हणून चीनला निघाले. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी नावं दिली. १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेनाच्या किल्ल्यात अनेक देशांच्या विद्यार्थी चळवळी एका जागतिक महासंघात सामील झाल्या. भारतात राष्ट्रीय पातळीवरची संघटना १९१२ मध्ये उभी राहिली.

या साखळीत नाताळ जवळपास कुठेच नाही. विल्यम्सटाउनचे विद्यार्थी ज्या न्यू इंग्लंडमध्ये वाढले, तिथे सणसमारंभ नाकारणाऱ्या कडक प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे प्युरिटनांच्या, परंपरेमुळे २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस असे. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडमधल्या उत्साही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि व्यक्तिगत श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळींतही सणापेक्षा प्रार्थनासभेला आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला वजन होतं. मग नाताळ विद्यार्थी सहभागितेच्या मधोमध आला कसा, हे पाहायचं तर १९१० ते १९२८ या अठरा वर्षांपाशी थांबावं लागतं. माझ्या मते आजच्या प्रत्येक कॅम्पसवरच्या कॅरलसभेचं स्वरूप त्याच काळात ठरलं.

केंब्रिजचा संघ ब्रिटनमधल्या मोठ्या विद्यार्थी चळवळीचा सभासद होता. चळवळ वाढत होती, निरनिराळ्या पंथांच्या विद्यार्थ्यांना सामावून घेत होती. बायबलच्या टीकात्मक अभ्यासाला तिने दार उघडलं होतं आणि सामाजिक प्रश्नांवर ती बोलत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सभासदाकडून येशू हा देवपुत्र आणि जगाचा तारणारा आहे अशी कबुली अपेक्षित होती. पुढे ती अट सैल होत गेली आणि अजून शोधात असलेल्यालाही आत जागा मिळाली. केंब्रिजच्या संघाला हे पटेना. १९१० मध्ये तो चळवळीतून बाहेर पडला. त्याच वर्षी एडिनबर्गला जागतिक मिशनरी परिषद भरली आणि तिथे विद्यार्थी चळवळीत घडलेली माणसं सगळीकडे वावरत होती. एकीकडे चर्चच्या एकीची सर्वांत मोठी आशा उभी राहत होती आणि ज्या पिढीने ती उभी केली तीच विद्यापीठात दुभंगत होती. याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

खरा निर्णय मात्र १९१९ मध्ये झाला. महायुद्धातून परतलेले तरुण कॉलेजांत आले होते. पुन्हा एकत्र यावं अशी इच्छा दोन्हीकडे होती, म्हणून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या एका खोलीत दोन्ही बाजूंचे मोजके प्रतिनिधी भेटले. साधारण तासभर बोलणं झालं. शेवटी संघाच्या बाजूने थेट विचारलं गेलं: येशूच्या प्रायश्चित्ताच्या रक्ताला, म्हणजे माणसांच्या पापांसाठी त्याने वधस्तंभावर दिलेल्या बलिदानाला, तुमच्या शिकवणीत मध्यवर्ती स्थान आहे का? चळवळीच्या बाजूने उत्तर आलं त्याचा आशय असा, की आम्ही ते मानतो, पण मध्यवर्ती म्हणून नाही. तिथेच बोलणी संपली.

या प्रश्नोत्तराबद्दल शंभर वर्षं लिहिलं जातंय आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एका बाजूला शहाणं ठरवून विषय मिटवला जातो. मला वाटतं प्रश्न योग्य होता. ज्या सहभागितेला आपण कशाभोवती जमलो आहोत हे सांगता येत नाही, ती फार काळ टिकत नाही, आणि चळवळीच्या पुढच्या घसरणीत हे दिसलंही. पण तासाभरात, होकार-नकाराच्या एका उत्तरावर हा प्रश्न निकाली काढणं घाईचं होतं. त्या काळातल्या धर्मविचाराकडे पाहिलं की हे कळतं. १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या काही अँग्लिकन अभ्यासकांनी एक निबंधसंग्रह काढला होता आणि त्यांच्या विचारसरणीने ख्रिस्ताच्या देहधारणाला मध्यभागी ठेवलं होतं. देवाने मनुष्याचा देह घेतला, म्हणून मजुरांची वस्ती, शाळा, विज्ञान, सगळंच देवाच्या आस्थेचा विषय आहे, असा तो विचार. विद्यार्थी चळवळीवर त्याची छाप होती. म्हणजे खोलीत बसलेल्या एका बाजूचं मन गव्हाणीपाशी, ख्रिस्ताच्या जन्मापाशी, होतं आणि दुसरीचं वधस्तंभापाशी, त्याच्या मरणापाशी. मुळात त्या वादाला इतका टोकाचा रंग यायची गरज नव्हती.

हे नुसतं तात्त्विक नाही, याचा पुरावा त्याच गावात, त्या बैठकीच्या थोडंच आधी घडलेल्या एका गोष्टीत आहे. १९१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये नऊ शास्त्रपाठ आणि कॅरल यांची उपासना पहिल्यांदा झाली. मूळ आराखडा १८८० मध्ये कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी, कॅथेड्रलचं बांधकाम चालू असताना वापरलेल्या लाकडी शेडमध्ये आकाराला आला होता. किंग्जच्या चौतीस वर्षांच्या नव्या डीनने, म्हणजे चॅपलच्या प्रमुख पाळकाने, तो उचलला. आघाडीवर लष्करी पाळक म्हणून काम करून तो नुकताच परतला होता आणि पूर्वीच्या साच्यातली उपासना आता लोकांना पुरी पडणार नाही, असं त्याला वाटत होतं. त्याने लिहिलेल्या सुरुवातीच्या प्रार्थनेत गरीब, भुकेले, पिडलेले यांची आठवण आहे. त्यांच्याबरोबरच जे पलीकडच्या किनाऱ्यावर, अधिक मोठ्या प्रकाशात आपल्यासह आनंद करतात, त्यांचीही आठवण आहे. कॉलेजातले कितीतरी तरुण युद्धातून परत आलेच नव्हते. ते शब्द कोणासाठी आहेत, हे चॅपलमधल्या प्रत्येकाला समजत होतं.

त्या नऊ पाठांचा क्रम नीट पाहिला तर ट्रिनिटीतल्या खोलीत न सुटलेली गाठ तिथे सुटलेली दिसते. पहिला पाठ आदामाच्या पतनाचा, म्हणजे माणसाच्या पहिल्या पापाचा. दुसरा अब्राहामाचा, ज्याने आपल्या एकुलत्या एका मुलालाही राखून ठेवलं नाही म्हणून देवाने त्याला वचन दिलं. पुढे यशयाचे शब्द, मरीयेला दूताचा निरोप, मेंढपाळ, मागी लोक म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आणि शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ, जिथे शब्द देही होतो. वधस्तंभाचा पाठ यात नाही. पण पाप आधी आणि अर्पिलेला मुलगा लगेच नंतर, ही मांडणी ऐकणाऱ्याला तिथेच नेते. नाताळच्या पूर्वसंध्येला विद्यार्थी घरी गेलेले असत आणि डीनच्या मनातही ही कॉलेजने गावाला दिलेली भेट होती. तरीही पुढे जगभरातल्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त उचलला तो हाच साचा.

बोलणी फिसकटल्यावर बाहेर पडलेल्या गटाने १९१९ च्या डिसेंबरमध्ये लंडनला निरनिराळ्या विद्यापीठांतल्या समविचारी विद्यार्थ्यांची पहिली परिषद भरवली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वार्षिक रग्बी सामन्यासाठी बरेच विद्यार्थी तेव्हा लंडनमध्ये येतच, ही सोय पाहूनच ते दिवस ठरले होते. १९२८ मध्ये त्या परिषदांतून पक्की संघटना झाली आणि तिने विश्वासाची कलमं लिहून ठेवली. त्याच वर्षी एका तरुण डॉक्टरला कॅनडातल्या विद्यार्थ्यांकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपलं खेळाचं साहित्य विकून त्याच्या तिकिटाला हातभार लावला. आणि १९२८ च्याच नाताळात किंग्जची उपासना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकू आली. १९३० चा अपवाद सोडला तर तेव्हापासून तिचं प्रक्षेपण दरवर्षी होत आलं आहे. जागतिक महासंघाची समिती त्या डिसेंबरमध्ये म्हैसूरला बसली होती.

यानंतर दोन्ही प्रवाहांचे नाताळ वेगळे दिसू लागले. जुन्या चळवळीचे आणि कॉलेज चॅपलचे विद्यार्थी पाठ आणि गीतं यांनाच बोलू देत. प्रवचन नसे किंवा अगदी छोटं असे, आणि जमलेल्या दानपेटीचे पैसे गरजूंकडे जात. इव्हँजेलिकल गटांनी तीच गीतं घेतली, पाठ कमी केले आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटांचा संदेश ठेवला. तो गव्हाणीपासून सुरू होई आणि वधस्तंभापाशी पोहोचे. एरवी चर्चच्या पायरीवर न येणारा वर्गमित्र कॅरलसाठी येतो, हे त्यांनी ओळखलं. वर्षातली सर्वांत जास्त बाहेरची माणसं ज्या कार्यक्रमाला येतात तो हाच, असं आजही अनेक कॅम्पसवर म्हटलं जातं.

वर्षअखेरच्या संमेलनांचा प्रवास वेगळा. परदेशी मिशनकार्यासाठी नावं देणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवक चळवळीने १९१९ चं वर्ष संपता संपता आयोवातल्या डे मॉइनला हजारो विद्यार्थी जमवले. व्यासपीठावरच्या ज्येष्ठांना वाटत होतं की, पूर्वीसारखंच मिशनकार्याचं आवाहन करावं. युद्ध पाहून आलेल्या मुलांना मात्र युद्ध, वंशभेद आणि कामगारांच्या हक्कांवर बोलायचं होतं, तेही भाषणं ऐकून नाही, चर्चा करून. त्यानंतर परदेशी सेवेसाठी नावं देणाऱ्यांची संख्या काही वर्षांतच कोसळली. चीनमध्ये तर नाताळालाच विरोधाची धार आली. १९२२ मध्ये महासंघाची परिषद पेकिंगजवळ भरणार म्हणताच विद्यार्थ्यांत ख्रिस्तीविरोधी आंदोलन पेटलं आणि १९२४ व १९२५ मध्ये नाताळचा आठवडाच निदर्शनांसाठी निवडला गेला. मिशन शाळा परकीय सत्तेच्या आश्रयाने उभ्या आहेत, हा त्यांचा आरोप निराधार नव्हता.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस्ती तरुणांची जागतिक परिषद केरळात कोट्टयमला भरली आणि नाताळापर्यंत चालली. इव्हँजेलिकल बाजूचं मोठं संमेलन १९४६ च्या अखेरीस टोरोंटोत सुरू झालं. १९४८ पासून ते इलिनॉयमधल्या अर्बाना इथे विद्यापीठाच्या आवारात भरू लागलं. नाताळ होताच विद्यार्थी बसगाड्यांनी तिथे पोहोचत आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री एकत्र प्रभुभोजन घेऊन परतत. १९७० मध्ये उपस्थिती दहा हजारांपुढे गेली. त्याच वर्षी एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने अमेरिकी चर्चच्या वंशभेदावर उघड बोट ठेवलं. डे मॉइनला जे प्रश्न मुलं विचारत होती, ते पन्नास वर्षांनी दुसऱ्या प्रवाहाच्या व्यासपीठावरून आले. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण १९१९ ची वाटणी अशा वेळी निरर्थक ठरते. युरोपात १९७८ पासून एका फ्रेंच मठाच्या पुढाकाराने याच सुट्टीत दरवर्षी वेगळ्या शहरात तरुणांची प्रार्थनायात्रा होते. प्रोटेस्टंट, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स तिथे एकत्र गातात.

अलीकडचा वाद पुन्हा सभासदत्वाच्या अटींकडे वळला, या वेळी न्यायालयात. १९८१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सरकारी विद्यापीठ इतर गटांना खोल्या देत असेल तर धार्मिक विद्यार्थी गटाला नाकारू शकत नाही. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विधी महाविद्यालयाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असं ठरवलं की, मान्यताप्राप्त गटाने सभासदत्व आणि पदं सर्वांना खुली ठेवावीत अशी अट महाविद्यालय घालू शकतं. त्यावर कॅलिफोर्नियाच्या राज्य विद्यापीठाने आपल्या २३ कॅम्पसवर तसा नियम लागू केला. पदाधिकाऱ्यांनी विश्वासाची कलमं मान्य करावीत असा आग्रह धरणाऱ्या एका मोठ्या ख्रिस्ती गटाची मान्यता २०१४ मध्ये गेली. मान्यता गेली की सभागृहासाठी बाहेरच्यांसारखं भाडं भरावं लागतं आणि नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतमेळ्यात टेबल मिळत नाही. डिसेंबरची कॅरलसभा मग कॅम्पसबाहेरच्या चर्चमध्ये न्यावी लागते आणि ज्या वर्गमित्रासाठी ती ठेवलेली असते तो तिथवर येत नाही. २०१५ मध्ये तडजोड झाली: पदासाठी अर्ज कोणीही करावा, निवड गटाने आपल्या पद्धतीने करावी. मान्यता परत मिळाली. इतर विद्यापीठांनी हा मार्ग स्वीकारलेलाच आहे असं नाही. बऱ्याच ठिकाणी चॅपलचा पाळक आणि इव्हँजेलिकल गट आजही आपापली कॅरलसभा वेगवेगळ्या संध्याकाळी, कधीकधी एकाच इमारतीत ठेवतात.