रक्तात ब्लॉकेजचा पत्ता लागतो का?

2010 साली अमेरिकेतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचं निदान आधी झालेलं नव्हतं, पण शंका आली म्हणून अँजिओग्राफी केली, अशा जवळजवळ चार लाख लोकांच्या नोंदी तिच्यात होत्या. त्यांतल्या फक्त 37.6 टक्के लोकांच्या हृदयधमन्यांत लक्षणीय अडथळा सापडला. बाकीच्यांना धमनीत नळी घालून, डाय सोडून एवढंच कळलं, की मोठं ब्लॉकेज नाही. हेच एका रक्ततपासणीतून आधी कळलं तर किती बरं, असं डॉक्टरांनाही वाटतं आणि रुग्णांनाही. तपासण्यांच्या जाहिराती वाचल्या तर वाटावं, की ते कळतंच.

अडचण या आजाराच्या घडणीतच आहे. नळात गाळ साचावा तसं कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही. ते अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत साठत जातं आणि त्याला कित्येक दशकं लागतात. त्या थराला प्लाक म्हणतात. प्लाकमध्ये मेद असतो, मेद गिळून फुगलेल्या पेशी असतात, स्नायुपेशी आणि तंतू असतात, पुढे कॅल्शियमही जमतं. पण यातलं काहीच प्लाकच्या एकट्याच्या मालकीचं नाही. फक्त प्लाकमध्येच तयार होतं आणि तिथून रक्तात उतरतं, असं एकही प्रथिन नेहमीच्या तपासणीत नाही. जी मोजली जातात ती सगळी प्रथिनं ब्लॉकेजबद्दल अप्रत्यक्षच काही सांगतात.

त्यांतलं सगळ्यात भरवशाचं ट्रोपोनिन. ते धमनीचं नाहीच, हृदयाच्या स्नायूचं आहे. स्नायू कॅल्शियमच्या इशाऱ्यावर आकुंचन पावतो आणि तो इशारा झेलण्याचं काम ट्रोपोनिन करतं. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात ते शोधलं. त्याचे टी आणि आय हे दोन घटक हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, हातापायांच्या स्नायूंतल्यासारखे नसतात. 1954 पासून हार्ट अटॅकच्या निदानासाठी एएसटी नावाचं एन्झाइम मोजत असत, पण ते यकृत बिघडलं तरी वाढतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ह्यूगो काटुस आणि सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टीची चाचणी तयार केली, तेव्हा कुठे हृदयाचीच म्हणता येईल अशी खूण हाती आली.

ही खूण शोधणं किती बारीक काम आहे ते पाहा. रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन लिटरमागे सुमारे 40 ग्रॅम असतं. आजच्या अतिसंवेदनशील चाचणीत ट्रोपोनिन टीची वरची मर्यादा आहे लिटरमागे 14 नॅनोग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीनशे कोटी पटींनी कमी. एवढ्या गर्दीतून ते पकडायला दोन अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, लागतात. एक ट्रोपोनिनला धरून ठेवते, दुसरी त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने चिकटते आणि तिला जोडलेलं रसायन प्रकाश देतं. तो प्रकाश मोजायचा. काही चाचण्यांत ही जोडणी बायोटिनच्या मदतीने होते. त्यामुळे केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचं ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील तर रक्त देताना सांगितलेलं बरं.

छातीत दुखत असताना एका आकड्यावर निदान होत नाही. तासा-दोन तासांनी, काही ठिकाणी तीन तासांनी, पुन्हा रक्त घेतात आणि आकडा हलतोय का ते बघतात. अटॅकमध्ये तो चढतो आणि नंतर उतरतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात तो वरच्या पातळीवर बहुधा स्थिर राहतो. फुप्फुसात गुठळी अडकली, गंभीर जंतुसंसर्ग झाला, इतकंच काय, मॅरेथॉन धावून आलं तरी ट्रोपोनिन वाढतं. उलट, धमनी बरीच अरुंद असूनही स्नायूला इजा झाली नसेल तर ते नॉर्मल येतं. म्हणून 'ट्रोपोनिन नॉर्मल आहे, म्हणजे ब्लॉकेज नाही' हा अर्थ काढू नये. तो बऱ्याचदा काढला जातो.

दुसरं नाव सीआरपीचं, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनचं. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. शरीरात कुठेही दाह, म्हणजे इजेमुळे किंवा जंतूंमुळे येणारी सूज, असला की यकृत ते तयार करतं. 2008 च्या ज्युपिटर नावाच्या औषध-अभ्यासात कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नाही, पण सीआरपी लिटरमागे 2 मिलिग्रॅम किंवा जास्त आहे, अशा 17,802 लोकांना स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध किंवा नुसतीच औषधविरहित गोळी दिली. स्टॅटिनच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. पण स्टॅटिनने एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉलही निम्म्यावर आणलं होतं. मग श्रेय कशाचं? जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. दाह महत्त्वाचा आहेच. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने अशा घटना घटल्याचं 2017 मध्ये दिसलं. सीआरपी मात्र त्या दाहाची नुसती निशाणी आहे, आणि हिरड्या सुजल्या तरी ती उमटते.

आता एका थेंबात हजारो प्रथिनं मोजता येतात. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने पन्नास हजारांहून अधिक लोकांची जवळजवळ तीन हजार प्रथिनं मोजली आहेत. अशा माहितीतून काही प्रथिनं निवडून धोक्याचा एक आकडा, म्हणजे स्कोअर, बनवतात. मला इथे यंत्रापेक्षा साध्या गणिताची काळजी वाटते. समजा, चाचणी 90 टक्के आजारी माणसं पकडते आणि 90 टक्के निरोग्यांना मोकळं सोडते. हजार लोकांत 50 आजारी असतील तर 45 पकडले जातील, आणि त्यांच्याबरोबर 95 निरोगीही. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या 140 पैकी 95 जण उगाच घाबरणार आणि पुढच्या तपासण्यांना लागणार. तीच चाचणी छातीत दुखणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या, मधुमेही अशा हजार लोकांवर केली आणि त्यांत 400 आजारी असले, तर 360 खरे आणि 60 खोटे निघतील. चाचणीत काहीच बदललेलं नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसाने हौसेने करून घेतलेल्या, अनेक प्रथिनं एकदम मोजणाऱ्या पॅनेलवर माझा फार भरवसा नाही.

निरोगी माणसाला मोजायचंच असेल तर आजाराचं कारण मोजावं. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजलं की धमनीच्या भिंतीत घुसू शकणारे कण किती आहेत ते कळतं. लिपोप्रोटीन-ए त्याच्या जोडीचं, एलडीएलसारखाच एक कण. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते 1963 मध्ये शोधलं. त्याची पातळी मुख्यतः जनुकं ठरवतात, आहार-व्यायामाने ती फारशी हलत नाही, आणि जगात सुमारे पाचांतल्या एका माणसात ती धोक्याच्या रेषेवर असते. युरोपातल्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी मोजावं, असं म्हटलं. बहुतेकांना ते पुन्हा मोजावं लागत नाही, पण आकडा बराच जास्त आला तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.