धातुसंचयी वनस्पतींचे स्वसंरक्षण

निकेल, जस्त, कॅडमियम असे धातू मुळांवाटे ओढून घेऊन पानांत साठवायचे आणि पाने कुरतडणाऱ्या किड्यांना त्यांच्याच जोरावर दूर ठेवायचे, ही मोजक्या वनस्पतींची रीत. अशा वनस्पतींना अतिसंचयी म्हणतात. एक किलो सुक्या पानांत निदान १ ग्रॅम निकेल सापडले, तर ती वनस्पती निकेलची अतिसंचयी ठरते. साध्या झाडात हे प्रमाण काही मिलिग्रॅमच असते.

यांतली एक वनस्पती मुंबईकराच्या पायवाटेवरच उगवते. पावसाळ्यात चुन्याच्या जुन्या भिंतींच्या भेगांतून टेरिस व्हिट्टाटा हे नेचे डोके काढते. दांडीच्या दोन्ही अंगांना अरुंद पर्णिका आणि टोकाला एक लांब पर्णिका असते. पान उलटून पाहिले की दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंची तपकिरी रेघ दिसते. हे नेचे आर्सेनिक साठवते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दूषित मातीत त्याच्या एक किलो सुक्या पानांत २० ग्रॅमहून अधिक आर्सेनिक आढळले. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, धातुसदृश आहे.) असे पान नाकतोडे टाळतात, हेही प्रयोगांत दिसले. मात्र मातीत आर्सेनिक असेल तरच ते पानात चढते, म्हणून भिंतीवरच्या प्रत्येक नेच्याला विषारी समजू नये.

धातूच का, याचे उत्तर मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. झाडाने घडवलेले विष रेणूंचे असते आणि किडा ते पोटात फोडून निकामी करू शकतो. निकेल हे मूलद्रव्य, ते फोडायचे कसे? शिवाय ते मातीतून आयते मिळते. रॉबर्ट बॉइड आणि स्कॉट मार्टेन्स या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हा विचार मांडला. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्ट्रेप्टँथस पॉलिगॅलॉइड्स या मोहरीच्या कुळातल्या रोपाची निकेलयुक्त पाने खाऊन कोबीवरच्या फुलपाखराच्या अळ्या मेल्या. अनेक जातींत धातू पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे पेशीतल्या द्रवभरल्या पिशव्यांत, बंदिस्त असतो. त्यामुळे झाडाला इजा होत नाही आणि किड्याच्या पहिल्याच घासाला तो आडवा येतो.

ही ढाल अभेद्य नाही. रस शोषणाऱ्या माव्यावर स्ट्रेप्टँथसच्या रोपातल्या निकेलचा परिणाम झाला नाही. त्याच रोपावर जगणारा मेलानोट्रायकस बॉयडी हा कीटक तर निकेल स्वतःच्या शरीरात बाळगतो. त्याचे नाव बॉइड यांच्यावरूनच पडले. धातुसंचयाची सुरुवात संरक्षणासाठीच झाली की दुसऱ्या कारणाने, यावर अजून वाद आहे.

धातुबहुल मातीतल्या बहुतेक वनस्पती मात्र उलट वागतात. त्या धातू मुळांतच अडवतात आणि पानांच्या रक्षणासाठी काटे, जाड पाने, टॅनिन हे तुरट द्रव्य यांवर भिस्त ठेवतात. सर्पेंटाइन या निकेलबहुल खडकावरची माती पोषणात कंजूष असते, तिथे गेलेले पान भरून काढणे महाग पडते.

मुंबईच्या खाडीकाठची तिवरे अशीच. चिखलातला बराचसा धातू त्यांच्या मुळांत राहतो. पानांना धातूचे असे कवच नसते. पावसाळा सरता सरता हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या कित्येक तिवरांची पाने जाळी होईपर्यंत खातात. थोड्याच आठवड्यांत त्याच फांद्यांवर नवी पालवी येते.