लाल विंचू आणि चतकोर गोळी

मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात, लेकरांच्या वॉर्डात, विंचू चावलेलं मूल नवं नाही. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात भारुडात विंचू आणला, आणि त्यातही चावलेल्याला घाम फुटतो. गंमत अशी, की डॉक्टरही आज पहिल्यांदा घामच बघतात.

दगडमातीच्या भिंती, माळवद, अंगणात गोवऱ्यांची रास आणि पळाट्यांचा ढीग, या सगळ्या सांदीकोपऱ्यांत विंचवाला जागा मिळते. मोठी काळी इंगळी दिसली की गाव गोळा होतं. जीव घेतो तो मात्र लहानखुरा लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंची टोकं चेतवतं, अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं अंगात एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात. मग हृदय दमतं, फुफ्फुसात पाणी साचतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. गड्याला चावला काय नि दहा किलोच्या लेकराला चावला काय, विष तेवढंच. म्हणून लेकरू आधी ढासळतं. फसवी गोष्ट म्हणजे वेदना. नुसती ठणकच असेल तर बहुधा भीती नसते. ठणक कमी आणि अंग घामानं गार, हे वाईट. घरचे मात्र रडणं थांबलं म्हणजे विंचू उतरला असं समजायचे, आणि उतरवणाऱ्याचा मंत्र खरा ठरायचा.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी दवाखान्याचं वैद्यकीय महाविद्यालय 1956 सालचं. अंबाजोगाईचं 1974 चं, नांदेडचं 1988 चं, लातूरचं 2002 चं. म्हणजे दवाखाने येत गेले. पण दवाखाना येणं आणि उपचार येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विंचवाइतकं दुसऱ्या कशानं क्वचितच कळतं. कित्येक वर्षं या रुग्णांना अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं दिली जात. अ‍ॅट्रोपिननं घाम सुकतो, पण आधीच धावणारं हृदय आणखी धावतं. मांत्रिकाला नावं ठेवताना हेही आठवावं.

उत्तर सापडलं ते कोकणात; शोधणारा मात्र आपल्याकडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 1976 मध्ये ते रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या खाटेशी बसून त्यांनी कोणतं लक्षण कधी दिसतं ते टिपलं. धोक्याच्या पूर्वखुणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मग रक्तदाब झपाट्यानं उतरवणाऱ्या नायट्रोप्रुसाइड या औषधाची सलाइन वापरून पाहिली. पण तिच्यावर थेंबाथेंबाला पहारा ठेवावा लागतो, खेड्यात ते कुठून जमणार? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरात असलेली साधी गोळी होती: प्राझोसिन. तिच्यावरचा लेख 1986 चा. त्याआधी गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. तो आकडा दोन-चारच्याही खाली आला.

लेकराचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे आठ-नऊ किलोच्या लेकराला एक मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. एवढ्याशा तुकड्यासाठी सगळी धावपळ. गोळी दिल्यावर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून मूल आडवंच ठेवायचं, कडेवर घ्यायचं नाही. आयांना हे समजावणं हे वॉर्डातलं सगळ्यात अवघड काम. रडणारं लेकरू न उचलणं कुणाला जमतं?

पुढं मुंबईच्या हाफकिन संस्थेचं प्रतिविष, म्हणजे विंचवाच्या विषावरचा उतारा, हाताशी आलं. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांवर केलेली चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गोळीसोबत प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरच्या 35 पैकी 8. सरकारनं बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री दिली.

उशिरा आलेल्या, फेस सुटलेल्या लेकराला अजूनही ऑक्सिजन, दमलेल्या हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन, कधी व्हेंटिलेटर लागतोच. तिथं चतकोर गोळी पुरत नाही. वेळेत आलेल्याचं मात्र सोपं असतं. सिस्टर दर थोड्या वेळानं येते, चादर बाजूला सारून तळपायाला हात लावते. गार आणि ओलसर लागले, तर तीन तासांनी पुढचा तुकडा. कोरडे आणि ऊन लागले, की आईला सांगते, आता घ्या मांडीवर.