साडीवरचं लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली किंवा घरात लग्न ठरलं की आमच्या म्हापशाच्या दुकानात एकच प्रश्न दिवसभर ऐकू येतो : "साडी ओरिजिनल आहे ना?" आम्ही लगेच 'हो' म्हणत नाही, कारण या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. धागा खऱ्या रेशमाचा आहे का? साडी हातमागावर विणली आहे का? आणि जे नाव सांगतात, पैठणी, कांजीवरम, बनारसी, ती त्याच प्रदेशातली आणि त्याच पद्धतीची आहे का? प्रत्येक प्रश्नाला वेगळं प्रमाणपत्र आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलं की ग्राहक फसतो.

सिल्क मार्क हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली सुरू झालेलं चिन्ह. धागा नैसर्गिक रेशमाचा आहे, एवढीच त्याची हमी. तुती, टसर, एरी, मुगा यांपैकी कुठलंही रेशीम असलं तरी हे चिन्ह मिळतं. विणकाम यंत्रमागावरचं असलं तरीही मिळतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते : मंडळाचा माणूस येऊन साडीला लेबल लावत नाही. अधिकृत सदस्य असलेले व्यापारी आणि उत्पादक क्रमांक असलेली लेबलं घेतात आणि स्वतः लावतात. म्हणून होलोग्राम चमकतो का, एवढं बघून थांबू नका. लेबलवरचा क्रमांक तपासा.

हातमागासाठी हँडलूम मार्क आहे, 2006 पासून. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इंडिया हँडलूम ब्रँड. तो 7 ऑगस्ट 2015 रोजी, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी सुरू झाला आणि त्यात कापडाचा दर्जाही पाहिला जातो.

तिसरं भौगोलिक मानांकन, ज्याला आपण जीआय म्हणतो. त्याचा कायदा 1999 चा, अंमल सप्टेंबर 2003 पासून. पैठणी, कांचीपुरम (म्हणजेच कांजीवरम), बनारसी, इलकल या सगळ्यांना ते मिळालेलं आहे. पण मानांकन म्हणजे हातमाग, असा अर्थ काढू नका. म्हैसूर सिल्कचंच बघा. कर्नाटक सरकारच्या कारखान्यातली ती साडी अस्सल रेशमाची, मानांकन असलेली, आणि यंत्रमागावर विणलेली. ती खोटी मुळीच नाही. फक्त तिला कुणी हातमागाची म्हणून विकलं तर ते खोटं.

उलटही घडतं. बागलकोट भागातली पारंपरिक इलकल आपल्याकडे पुष्कळ जणी नेसतात. तिचं अंग बहुतेक वेळा सुती आणि पदर रेशमी असतो, म्हणून अशा साडीला सिल्क मार्क मिळणार नाही. तिची ओळख वेगळी : अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात, त्याला टोपी-तेनी म्हणतात. आपली गोव्याची कुणबी साडीही मूळची सुती, लाल चौकड्यांची. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा लोकांसमोर आणलं, तेव्हापासून मागणी वाढली. तिच्यावर सिल्क मार्क शोधू नका, हातमागाची खूण शोधा.

पैठणी उलटून बघा

पैठणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा तिचीच होते आणि फसवणूकही तिच्यातच जास्त.

पदर टेबलावर पसरा. मोराच्या मानेवर बोट ठेवा, जिथे निळा संपून हिरवा सुरू होतो. आता पदर तसाच उलटा करा आणि तीच जागा शोधा. हाताने विणलेल्या पैठणीत मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. कारण विणकर प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी वापरतो आणि रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून आपापल्या जागी परत फिरवतो. धागा मागून एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मोकळा धावत नाही. यंत्रावरच्या पैठणीत तो धावतो, आणि मग कापून टाकलेला असतो. तिथे बोट फिरवलं की कापलेल्या टोकांची लव हाताला लागते. साधी पैठणीसुद्धा बरेच दिवस मागावर असते. भरगच्च पदराची त्याहून किती तरी जास्त. किंमत त्या दिवसांची आहे.

ही परीक्षा फक्त पैठणीला लावा. हातमागाच्या बनारसीतही काही प्रकारांत मागे मोकळे धागे असतात. ते बघून चांगली बनारसी नाकारणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत, आणि वाईट वाटतं.

काठाजवळच्या टाचणीएवढ्या भोकांची ओळ हीसुद्धा हातमागाची खूण म्हणून सांगितली जाते. मागावर कापड ताणून धरण्यासाठी लावलेल्या पट्टीची ती भोकं. पण यंत्रमागावरही कापड ताणून धरावंच लागतं, भोकं तिथेही पडतात. एवढ्यावरून काही ठरवू नका.

धागा जाळायचा तर कुठला?

खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझत जातं, आणि मागे राहिलेली काळी राख चिमटीत भुगा होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं. हे बहुतेकांना माहीत असतं. कुठला धागा जाळायचा, हे माहीत नसतं, आणि आम्हीही एकदा इथेच चुकलो होतो.

काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून बारा साड्या घेतल्या. पदराच्या दशांमधला धागा जाळून पाहिला. वास, राख, सगळं बरोबर. दोन साड्या विकल्या गेल्या. पंधरा दिवसांनी एक ताई साडी घेऊन आल्या : इस्त्री लागताच पदर आकसला होता. तेव्हा लक्षात आलं की दशा म्हणजे फक्त उभे धागे. उभा ताणा रेशमाचा होता, आडवा बाणा पॉलिएस्टरचा. दोघींचे पैसे परत केले, उरलेल्या दहा साड्या व्यापाऱ्याला परत पाठवल्या. त्या दिवसापासून आम्ही ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेतून उभा आणि आडवा, दोन्ही धागे काढून वेगवेगळे जाळतो. तुम्ही मागाल तर तुमच्यासमोर. घरी करायचं असेल तर धागा चिमट्यात धरा आणि खाली स्टीलची ताटली ठेवा.

जर

रेशमाच्या लेबलवरून जरीबद्दल काही कळत नाही. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. टेस्टेड जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो. ती काही वर्षांनी लालसर किंवा काळी पडते. तिसरी प्लास्टिकच्या पट्टीची, वजनाला हलकी. तिन्ही प्रकारची जर साड्यांत वापरतात, टेस्टेड जर वाईट असं आम्ही म्हणणार नाही. पण कुठली वापरली आहे ते विकणाऱ्याने आपणहून सांगायला हवं. आमच्या बिलावर ते लिहिलेलं असतं.

बिलावरचे चार आकडे

बिलावर एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) असेल तर तो वाचा, नसेल तर लिहून मागा. रेशमी विणलेल्या कापडासाठी 5007, पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम तंतूच्या कापडासाठी 5407. तोंडाने 'प्युअर सिल्क' म्हणायचं आणि बिलात 5407, असं दिसलं तर साडी तिथेच ठेवून या. बिलावर 'शुद्ध रेशीम, हातमाग' असे शब्दही लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि ग्राहक आयोगापुढे हाच कागद कामाला येतो.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा सगळ्या कागदांना बुरशी आणते. म्हणून घरी गेल्या गेल्या लेबलच्या क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

देवळातल्या पावणीत (लिलावात) घेतलेल्या साड्यांबद्दल पुष्कळ जण विचारतात. देवीला अर्पण झालेली साडी ही श्रद्धेने घ्यायची गोष्ट. तिला बिल नसतं आणि बहुतेकदा लेबलही नसतं. तरीही कापड काय आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर घेऊन या. आजीच्या ट्रंकेतली पैठणी असेल तर तीही आणा. आमच्याकडून घेतलेली नसली तरी बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळी लवकर या. नंतर गर्दी होते आणि पदर उलटून निवांत बघायला जागा उरत नाही.