ऑनलाइन लिलावातली राखीव किंमत: सांगायची की लपवायची

राखीव किंमत म्हणजे लिलावात विकणाऱ्याने ठरवून ठेवलेला तळाचा आकडा, बोली त्याच्या खालीच थांबली तर वस्तू द्यायचं बंधन त्याच्यावर नसतं. सरकारी लिलावांत हिलाच अपसेट प्राइस किंवा हातची किंमत म्हणतात. हा आकडा सगळ्यांना दाखवायचा की पोटात ठेवायचा, हा ऑनलाइन लिलाव लावणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम ६४ म्हणतं की विक्रीला राखीव किंमत आहे असं जाहीर करता येतं. पण त्याच कलमात हेही आहे की भाव चढवायला विकणाऱ्याने खोट्या बोल्या लावल्या तर घेणारा व्यवहार मोडू शकतो, आणि ऑनलाइन दुसऱ्या नावाने अकाउंट काढून स्वतःच बोली लावणं किती सोपंय ते सांगायला नको.

पुण्यात उघड राखीव किंमत बघायची असेल तर पेपरातल्या बँकांच्या जाहीर नोटिसा उघडा. कर्ज थकलं म्हणून ताब्यात घेतलेले हडपसर, वाघोलीकडचे फ्लॅट, 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर, ई-लिलाव अमुक तारखेला. थकलेल्या कर्जासाठी बँकांना तारण विकू देणारा सरफेसी कायदा २००२ चा, त्याच्या नियमांप्रमाणे बँकेच्या अधिकाऱ्याने मूल्यांकन करून घेऊन राखीव किंमत ठरवायची आणि ती नोटिशीत छापायची, लपवालपवी नाही. समजा टू बीएचकेची राखीव किंमत ४५ लाख आहे, तर इसारा साधारण १० टक्के धरून साडेचार लाख आधी भरायचे, बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के (इसारा धरून) आणि बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, आता एवढी कॅश उभी करायची तर माणसाला आकडा आधी कळायलाच हवा ना. तोटा एकच, की आकडा उघड असला की जाणकार थांबून राहतात. पहिल्या फेरीला कोणी फिरकलं नाही तर बँक पुढच्या वेळी किंमत उतरवते हे त्यांना पाठ असतं.

लपवण्याची सवय आपल्याकडे जुनीच. हत्ता पद्धतीत अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी बघत बसायचा. तिथे राखीव किंमत नाही तर बोलीच झाकलेली असायची हे खरं, पण झाकलेल्या भावावर तिऱ्हाइताचा विश्वास बसत नाही ही गोष्ट तीच.

ईबे (१९९५ पासून चालू) वगैरे साइटवर दोन्ही सोयी आहेत. एक तर सुरुवातीची बोलीच वर ठेवायची, म्हणजे ती आपोआप उघड राखीव किंमत झाली, नाहीतर सुरुवात अगदी कमी ठेवून खरा आकडा लपवायचा, मग बोली लावणाऱ्याला फक्त 'राखीव किंमत गाठलेली नाही' एवढंच दिसतं. रमा काटकर आणि डेव्हिड रायली या संशोधकांनी हे चक्क पोकेमॉन कार्डांवर करून बघितलं, निकाल २००६ मध्ये छापून आला. कार्डांच्या ५० जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीतलं एक कार्ड किंमतयादीतल्या भावाच्या ३० टक्के उघड किमान बोलीवर आणि दुसरं तेवढ्याच छुप्या राखीव किमतीवर. छुप्या बाजूला विक्रीही कमी झाली आणि पैसेही कमी आले, कारण खरे घेणारे कमी आले. साहजिक आहे, तीनदा बोली वाढवूनही 'गाठलेली नाही' दिसलं की चौथ्यांदा कोण वाढवतो.

मग लपवतात का? एक, सुरुवात स्वस्त दिसली की गर्दी जमते, आणि वस्तूची किंमत कोणालाच नीट माहीत नसते तेव्हा दुसऱ्यांच्या बोल्या बघून आपला अंदाज पक्का होतो. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल व्हिन्सेंटने १९९५ मध्ये याच मुद्द्यावर छुप्या किमतीची बाजू मांडली. साधी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) जुन्या बाजारातही मिळते, तिला लपवण्यासारखं काही नाही, पण दुर्मिळ छापाची असेल तर गोष्ट वेगळी. दोन, घेणाऱ्यांनी आपसात संगनमत केलं असेल तर उघड आकडा म्हणजे त्यांना आयतं उत्तर, बरोबर तेवढ्यावरच बोली थांबते. सोदबीज, क्रिस्टीज ही मोठी लिलावगृहं मधला मार्ग काढतात, राखीव किंमत गुप्त ठेवतात पण ती छापील अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर नसते, म्हणजे घेणाऱ्याला निदान छत माहीत असतं. माझ्या मते घरातली जुनी बाइक किंवा कॅमेरा विकणाऱ्याने या भानगडीत पडूच नये, आकडा सरळ लिहावा.

अर्थात आकडाच चुकला तर उघड ठेवूनही उपयोग नाही. सरकारच्या २०१६ च्या स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेच्या लहरी) लिलावात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी ठेवली होती, एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवूनही तेच झालं. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणल्यावर कुठे एका कंपनीने घेतला.

छुपी किंमत गाठली गेली नाही तरी प्रकरण तिथेच संपतं असं नाही, ईबेवर विकणारा सगळ्यात वरच्या बोलीवाल्याला नंतर त्याच्याच बोलीच्या भावात वस्तू देऊ करू शकतो. म्हणजे आठवडाभर जपलेला आकडा शेवटी विकणाऱ्यानेच सोडून दिलेला असतो.