सॉक्रेटिस डब्लिनमध्ये खेळलाच नव्हता

ब्राझीलचा फुटबॉल मिडफिल्डर सॉक्रेटिस डब्लिनमध्ये डॉक्टरकी शिकला आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संघातून खेळला, ही गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. ती खोटी आहे.

तो वैद्यकशास्त्र शिकला ते साओ पाउलो राज्यातल्या रिबेराव प्रेतो इथे, आणि त्याच गावच्या बोताफोगो क्लबकडून खेळत असताना. वर्ग, वॉर्ड, सामने, सगळं एकाच वेळी! पदवी मिळाल्यावर १९७८ मध्ये तो ब्राझीलच्याच कोरिंथियन्स क्लबला गेला. परदेशी क्लब त्याने धरला थेट १९८४ मध्ये, इटलीचा फिओरेंतिना. तोवर १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलचं कर्णधारपद करून झालं होतं. पन्नाशीत, २००४ साली, तो इंग्लंडच्या गारफोर्थ टाउनकडून काही मिनिटं खेळला, हे मात्र खरं. त्याच्या खऱ्या कष्टांचं श्रेय डब्लिनला जाऊ नये.